टेबलाजवळचा कुत्रा आणि दाराबाहेरची पोर

मुंबई-पुण्यात अलीकडे अशी काही हॉटेले निघाली आहेत की, तेथे माणसे आपला पाळीव कुत्रा बरोबर घेऊन जेवायला जातात. कुत्र्याला पाण्याचे भांडे मिळते, कोठे कोठे वेगळे खाणेही मिळते. आपल्या वस्तीत ही गोष्ट निघाली की लोक हसतात आणि एखादे जुने माणूस महाडची आठवण काढते. ते साहजिकच आहे. चवदार तळ्यावर गुरेढोरे, कुत्री पाणी पीत होती. नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी अस्पृश्यांना ओंजळभर पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. कुत्र्याच्या तोंडाने ते कधी बाटले नव्हते!

हॉटेलांचा अनुभव त्याही आधीचा. १९१७ साली परदेशी शिक्षण घेऊन बडोद्यात नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना हिंदू हॉटेलात थारा नव्हता. पारशी विश्रामगृहात उतरले, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म-जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले.

म्हणून राग कुत्र्यावर काढावा काय? मुळीच नाही. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत लाडका टॉबी. मुक्या जिवावर माया करणारे ते घर होते.

आमचे दुखणे वेगळे आहे. पुण्यातल्या अशाच एका हॉटेलात आम्ही पाहिले, एक कुटुंब कुत्र्यासह जेवत होते. कुत्र्याला सांभाळायला आणलेली तेरा-चौदा वर्षांची पोर दाराबाहेर पायरीवर बसली होती. कुत्र्यापुढे बशी आली, तिच्यापुढे चहासुद्धा नाही. तिला कोणी जात विचारली नव्हती, आत येऊ नको असेही कोणी म्हटले नव्हते. तिला स्वतःलाच आत बसावेसे वाटले नाही. आम्ही तिला चहा-पाव दिला, तर तिने आधी मालकिणीकडे पाहिले.

आता आपल्याही मुलांना नोकऱ्या लागल्या, घरात कुत्री आली. कोणी हौसेने कुत्रा हॉटेलात नेणार असेल तर खुशाल न्यावा, पण आधी फोन करून विचारावे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत अन्नाच्या जागेत प्राणी येऊ देऊ नयेत असे आहे, त्यामुळे बाहेरच्या मोकळ्या जागेतले टेबल बरे. रेबीजची लस दरवर्षी टोचलेली असावी, पट्टा हातातून सुटू नये. आपल्या ताटातले त्याला घालू नये. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्याला बाधते. माणसांच्या ताटलीत तर मुळीच चारू नये, तिच्यात उद्या दुसरा कोणी जेवणार असतो. वेटर कुत्र्याला भीत असेल तर त्याला हसू नये. आणि कुत्र्याने घाण केली तर ती ज्याचा कुत्रा त्यानेच उचलावी. झाडूवाल्या बाईला हाक मारू नये. ती बाई बहुधा कोणत्या वस्तीतून आलेली असते, हे आपल्याला सांगायला नको. जुने वर्तमानपत्र आणि एक पिशवी घरूनच बरोबर न्यावी.