उकिरड्याचे खत सुधारायचे तर सुरुवात चुलीपाशी

मृग नक्षत्रापूर्वी उकिरडे उपसून खत शेतात वाहून नेण्याची लगबग आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. पूर्वी या खतात शेण, गोठ्यातील काडीकचरा, चुलीची राख आणि घरातील खरकटे एवढेच असे. आता खत पसरल्यानंतर एखादा पाऊस झाला, की माती खाली बसते आणि शाम्पूच्या पुड्या, वेफरची पाकिटे, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे वर चमकू लागतात. हा माल शेतात बाहेरून कोणी आणून टाकलेला नसतो. तो आपल्याच घरातून, आपल्याच उकिरड्यामार्गे आलेला असतो.

प्लॅस्टिक कुजत नाही. ऊन, पाणी आणि मशागतीने त्याचे फक्त तुकडे होतात. तुकडा जितका लहान तितका तो वेचणे अवघड, आणि मातीत मिसळलेले बारीक तुकडे पुन्हा बाहेर काढण्याचा व्यवहार्य उपाय नाही. म्हणून निवडण्याचे काम शेतात किंवा उकिरड्यावर न करता कचरा घरातून बाहेर पडण्यापूर्वीच करावे. घरात त्याला दिवसाकाठी दोन मिनिटेही लागत नाहीत.

दुसरा धोका जनावरांचा आहे. शिळी भाकरी, भाजीची देठे पिशवीत बांधून फेकण्याची सवय सर्वत्र पसरली आहे. गाय पिशवी सोडून भाकरी खात नाही, ती पिशवीसकट गिळते. ही पिशवी कोटीपोटात साचून राहते. रवंथ मंदावते, पोट वारंवार फुगते, दूध घटते आणि शेवटी शस्त्रक्रिया करून गोळा काढण्याची वेळ येते. ज्या जनावरांना खनिज मिश्रण मिळत नाही, विशेषतः स्फुरदाची कमतरता असते, ती असल्या वस्तू अधिक चघळतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, एक प्रयोग करून पाहावा. आठ दिवस घरातील ओला कचरा एका बादलीत आणि न कुजणारा कचरा एका पोत्यात साठवावा व दोन्ही काट्यावर तोलावे. वजन ओल्या कचऱ्याचे जास्त भरेल. पोते मात्र हलके असूनही फुगलेले दिसेल. ते उपडे करून पाहिल्यास कोणती वस्तू कोठून आली हे लगेच कळते व काय कमी करता येईल हेही समजते.

बहुतेक घरांत पहिला क्रमांक पुड्यांचा लागतो. शाम्पू, मसाला, चहा यांच्या लहान पुड्या अनेक पदरी असतात. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने भंगारवालाही त्या घेत नाही. महिन्याचे सामान एकदम मोठ्या पाकिटात किंवा सुटे आणल्यास पुड्या आपोआप घटतात आणि सहसा पैसेही वाचतात. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लोंबता ठेवावा. पिशवी धुऊन वाळवल्यास विकली जाते, पण तुटलेला कोपरा केराबरोबर उकिरड्यावरच जातो. बाजाराला जाताना कापडी पिशवी आणि तेलासाठी किटली न्यावी. महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तरी आठवडे बाजारात त्या अजून सर्रास दिसतात. गिऱ्हाईक मागते तोपर्यंत त्या दिसणारच.

लग्नकार्यातील पंगतींकडेही लक्ष द्यावे. प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्यांच्या जागी आलेली चकचकीत कागदी पत्रावळ कुजेल असे वाटते. परंतु तिच्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तसाच तो कागदी पेल्याच्या आतही असतो. पळसाच्या पानांची पत्रावळ सर्वांत चांगली. शक्य तेथे धातूची ताटे वापरावीत. पंगतीत उरलेला भात व पोळ्या एकदम जनावरांपुढे टाकू नयेत. शिजलेले धान्य जास्त खाल्ल्यास कोटीपोटात आम्लता वाढून जनावर दगावू शकते.

ओल्या कचऱ्याचे खत करणे आपल्याला नवीन नाही. मात्र उघड्या ढिगावर ऊन-पावसाने नत्र उडून जाते व पाण्याबरोबर वाहून जाते. घरामागे उंचवट्यावर, सावलीत खड्डा घेऊन रोजच्या कचऱ्यावर वाळलेला पाला किंवा भुस्सा आणि मूठभर माती टाकावी. नुसत्या ओल्या कचऱ्याला वास येतो, माश्या होतात. वाळका पदार्थ मिसळला की दोन्ही कमी होते. खतातील ओलावा ५० ते ६० टक्के असावा, म्हणजे मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. गांडुळे सोडायची असल्यास तिखट, मीठ व तेलाचे पदार्थ त्यात टाकू नयेत. शेतातील काडीकचरा भरपूर असेल तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली नॅडेप पद्धत सोयीची आहे. या पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच जाळीदार विटांच्या टाक्यात थोड्या शेणात बरेच खत होते.

चुलीची राख ताज्या शेणात मिसळण्याची पद्धत सोडून द्यावी. राख अल्कधर्मी असल्याने शेणातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. राख कोरडी व वेगळी साठवावी. तिच्यातील पालाश पिकाला उपयोगी पडतो, परंतु चुनखडीच्या जमिनीत ती जपून वापरावी. अर्थात चुलीत प्लॅस्टिक जाळत असाल तर ती राख शेतात टाकूच नये. चूल पेटवण्यासाठी पिशवीचा तुकडा वापरण्याची सवय घातक आहे. प्लॅस्टिकचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या व जवळ बसलेल्या मुलांच्या छातीत जातो. पीव्हीसी जळताना तर डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्ये तयार होतात.

कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या घरच्या कचऱ्यात कधीही मिसळू नयेत. औषध ओतल्यावर बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घालावे. नंतर बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे कोणी तिच्यात तेल-पाणी भरणार नाही, आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी वेगळी ठेवावी. बॅटरीचे सेल व फुटलेल्या ट्यूबलाइटसाठीही वेगळा डबा असावा. त्यांतील पारा व इतर जड धातू खतामार्गे मातीत जाता कामा नयेत.

वेगळे करण्याचे हे काम एकट्या घरधनिणीवर टाकून चालत नाही. तंबाखू-सुपारीच्या पुड्या बहुधा सदऱ्याच्या खिशातून येतात आणि त्या ओसरीवरून थेट उकिरड्यावर भिरकावल्या जातात. न कुजणाऱ्या कचऱ्याचे पोते म्हणून स्वयंपाकघरात न ठेवता ओसरीवरच, खुंटीला, जाता-येता हाताला येईल असे टांगावे. भरले की त्यातील विकण्याजोगे भंगारवाल्याला द्यावे, उरलेले ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत घालावे. गाडी येत नसेल तर पोते पावसात न भिजता राहील असे ठेवून हा विषय ग्रामसभेत मांडावा.