जंगलवाटेवरील बिनतारी संदेश

चंद्रपूर व त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली हे राज्यातील प्रमुख वनजिल्हे होत. येथील दाट वनात भ्रमणध्वनी सर्वत्र पोहोचत नाही. वणवा भडकला अथवा वाघाने माणसावर हल्ला केला, तर मदत किती लवकर येईल हे वार्तेच्या वेगावरच अवलंबून असते. म्हणूनच गस्तीच्या जीपमध्ये बिनतारी संच उपयुक्त ठरतो.

हातातील संच साधारणतः ५ वॅट शक्तीचा असतो. गाडीत बसून बोलल्यास पत्र्याचा सांगाडा त्याच्या लहरी अडवितो. यासाठी एरियल बाहेर, टपाच्या मध्यभागी बसवावी. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरची उभी काडी पुरेशी होते. टपाचा पत्रा तिला पूरक ठरतो. कापडी टपाच्या जीपमध्ये मात्र एरियलखाली धातूचा पत्रा द्यावा लागतो.

एरियलची केबल दारात चेपू देऊ नये. संचास किती व्होल्ट चालतात हे पाहून, फ्यूज घालूनच बॅटरीची जोडणी करावी. एरियल जोडल्याविना बोलण्याचे बटण दाबल्यास संच निकामी होण्याचा संभव असतो. केंद्र शासनाचा परवाना व नेमून दिलेली वारंवारताही आवश्यक आहे.

या लहरी डोंगर ओलांडीत नाहीत. म्हणून संदेश पोहोचत नसल्यास गाडी उंचवट्यावर न्यावी. कोठून बोलणे लागते, त्या जागा नकाशावर आधीच नोंदविलेल्या असल्यास संकटसमयी मोलाची मिनिटे वाचतात.