शेताचे विरजण

शहागंजातील घड्याळाच्या मनोऱ्याकडून भाजीबाजारात शिरले, की हिवाळ्याच्या सकाळी प्रथम दृष्टी खिळते ती मेथीच्या जुड्यांच्या ओल्या, हिरव्या ढिगांवर. मेथी मुळासकट उपटून विकावयास आणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि घरी ती निवडताना पाने ठेवून मुळे टाकून दिली जातात. परंतु टाकण्यापूर्वी चार मुळे वाटीभर पाण्यात हलक्या हाताने धुऊन पाहिली, तर त्यांच्या बारीक तंतूंवर मोहरीहून लहान, काहीशा लांबट, फिकट गुलाबी गाठी कोठे कोठे चिकटलेल्या आढळतात. पुष्कळशा गाठी उपटतानाच तुटून मातीत राहतात. ज्या उरतात, त्यांतली एखादी नखाने चिरली असता आत जी लाली दिसते, ती आपल्या रक्तातील लाल द्रव्याच्या जवळच्या नात्याचीच आहे. मेथीचे रोप आणि मातीतील जिवाणू यांनी मिळून बांधलेले ते घर आहे, आणि त्या घरात हवेतील नत्र पकडून त्याचे अन्न करण्याचे काम अहोरात्र चालते.

आपल्या सभोवतालच्या हवेत नत्राचे प्रमाण शेकडा 78 आहे. तरीही नत्रावाचून पिके पिवळी पडतात, कारण नत्राचे दोन अणू परस्परांना इतके घट्ट धरून असतात, की वनस्पतीला ते सोडविता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी ही गाठ सोडविण्याची रीत शोधली, आणि 1913 पासून तिचे कारखाने उभे राहिले. त्यांत वातावरणाच्या सुमारे 200 पट दाब आणि 400 अंशांहून अधिक उष्णता लागते. आपला युरिया त्याच रीतीच्या वंशातला. तेच कार्य शेतातल्या साध्या मातीत, पावसाळी उबेत, डोळ्यांना न दिसणारा जिवाणू करतो. मात्र त्यासाठी लागणारी शक्ती त्याला रोपाने पुरवावी लागते. पानांत तयार झालेली साखर मुळांवाटे गाठीत उतरते आणि मोबदल्यात नत्र वर चढते. प्राणवायूचा अतिरेक झाला, तर जिवाणूचे हे यंत्र बिघडते. म्हणून गाठीतील ते लाल द्रव्य प्राणवायूला मोजून मापून आत सोडते. इतका काटेकोर बंदोबस्त एका मोहरीएवढ्या जागेत असावा, याचे मला आजही नवल वाटते.

याचा शास्त्रीय उलगडा 1880 नंतरच्या दशकात झाला. हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी शेंगवर्गीय पिकांचे नत्र गाठींतून येते हे सिद्ध केले, आणि 1888 मध्ये हॉलंडच्या बेयरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढून दाखविला. आपल्या कुणब्याला मात्र यातले फलित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, आणि त्यासाठी त्याच्यापाशी ‘बेवड’ हा नेमका शब्दही होता. हरभऱ्याचा किंवा तुरीचा बेवड चांगला, म्हणजे त्या रानात पुढच्या साली येणारे पीक जोमदार, हा अनुभव होय. कपाशीत तुरीच्या ओळी घालण्याच्या चालीतही हीच जाण आहे.

मग बियाण्यास चोळण्यासाठी पुडीत भरून विकल्या जाणाऱ्या जिवाणूंची गरज काय, असे कोणी विचारील. गरज अशी, की प्रत्येक जिवाणू प्रत्येक पिकाशी सोयरीक करीत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांचा एक गोतावळा. मेथी आणि लसूणघास यांचा दुसरा. हरभऱ्याचा जिवाणू निराळा, आणि सोयाबीनचा तर अगदीच निराळा. गेल्या काही दशकांत मराठवाड्यात सोयाबीन पसरले. पण ज्या रानात ते पूर्वी कधी पेरलेलेच नव्हते, तेथे त्याचा सोबती मातीत असणार कोठून? ब्राझीलने सोयाबीनचे अफाट क्षेत्र मुख्यतः या जिवाणूंच्या भरवशावर, जवळजवळ नत्रखताशिवाय पिकविले, आणि त्यामागे योहाना डोबेराइनर या विदुषीचे आयुष्यभराचे परिश्रम होते. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ही जिवाणू संवर्धने तयार करते. ज्वारी, बाजरी, कपाशी यांच्यासाठी मुळांभोवती मोकळेपणे राहणारे ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम आहेत, जमिनीत अडकून पडलेला स्फुरद सोडविणारे जिवाणूही आहेत. मात्र या मोकळ्या जिवाणूंकडून गाठींतल्याइतक्या नत्राची अपेक्षा करू नये.

माझे सांगणे एवढेच आहे, की ही पुडी खताची नसून विरजणाची आहे. खत नियंत्रण आदेशात 2006 पासून जिवाणू खतांचा समावेश झाला, आणि रायझोबियमच्या, म्हणजे गाठी बांधणाऱ्या या जिवाणूच्या, भुकटीत दर ग्रॅमला निदान 5 कोटी जिवंत जिवाणू असावेत असा दंडक घालण्यात आला. पण हा आकडा पुडी उन्हात पडून राहिली, तर टिकत नाही. वैशाखात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, आणि तापलेल्या पत्र्याखालच्या फळीवर युरियाचे काही बिघडत नसले, तरी जिवाणू मरून जातात. म्हणून पुडीवरची मुदत पाहावी, ती गारव्यात ठेवावी. 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम भुकटी गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावी, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. आणि पेरल्यावर युरियाचा मारा करू नये. आयते नत्र मुबलक मिळाले, की रोप गाठी बांधण्याचे श्रम घेत नाही. हरभऱ्याला हेक्टरी 25 किलो नत्राची शिफारस आहे ती रोपाला आरंभी उभे राहण्यापुरती. मक्याला मात्र त्याच्या कित्येक पट द्यावे लागते.

फुलंब्रीकडे आमच्या मामांचे रान आहे. त्यांनी पहिल्यांदा सोयाबीन पेरले, त्या साली एका दुकानातून आणलेली पुडी रीतसर चोळली होती, आणि तरीही महिन्याभरात पाने पिवळसर झाली. मुळे धुऊन पाहिली, तर ती स्वच्छ, गुळगुळीत. गाठीचे नाव नाही. दुकानात ती पुडी उन्हाळाभर उन्हाच्या कवडशात पडून होती, हे मागाहून कळले. पुढच्या मृगात त्यांनी ताजे संवर्धन ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले, ओसरीच्या सावलीत बियाण्यास चोळले, आणि त्याच दिवशी तिफण धरली. चाळिसाव्या दिवशी आम्ही दोघे रानात गेलो. मामांनी झाड उपटले नाही. कुदळीने भोवतालची माती सैल करून ढेकळासकट उचलले, आणि बादलीत बुडवून हळूहळू माती विरघळू दिली. सोटमुळाच्या वरच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठींचा घोस होता. त्यांनी त्यातली एक अंगठ्याच्या नखाने चिरली, आणि काही न बोलता लाल झालेले नख माझ्यापुढे धरले.