माहेरची भाषा

पहिलं बाळंतपण माहेरी, असा आपल्याकडचा रिवाज. त्यात डिंकाचे लाडू आणि शेकशेगडी असतेच. पण मला विचाराल तर खरं सुख वेगळंच असतं. माहेरी पोरीला काय दुखतंय ते सांगायला शब्द शोधावे लागत नाहीत. मग जिच्या कळा परक्या ठिकाणी सुरू होतात, तिचं काय?

आपल्या नाशिक जिल्ह्यात अशा बायका दर हंगामात असतात. पेठ, सुरगाणा भागातून कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येतात. ऑक्टोबरची छाटणी, विरळणी, मग काढणी. मुक्काम बागेच्या कडेला. त्यांना कुणी निर्वासित म्हणणार नाही, जिल्हासुद्धा सुटलेला नसतो. पण ओळखीची सुईण आणि गावातली आशाताई मागेच राहते. घरात कोकणा बोली किंवा भिली. बाजारापुरती मराठी येते, पण पोटातलं दुखणं सांगण्यापुरती येतेच असं नाही.

प्रश्न जिवाचा आहे. गरोदरपणी रक्तदाब वाढला की डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडावर सूज येते. प्रश्न न कळताच तिनं मान डोलावली, तर पुढे झटके येऊन जीवही जाऊ शकतो. सोबतची सासू किंवा नवरा सांगेल, असं आपण म्हणतो. पण आधीचा गर्भपात, घरातली मारहाण ती त्यांच्याच तोंडून कशी सांगणार? आणि न समजता सिझेरियनच्या कागदावर उठवलेल्या अंगठ्याला संमती म्हणायचं का?

निर्वासितांना आसरा देणाऱ्या ऑस्ट्रेलियात १९७३ पासून फोनवर दुभाषा मिळण्याची सोय आहे. पण आपल्याला इतक्या दूर जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. दवाखान्याची भीती का वाटते, असं त्यांनी आदिवासींनाच विचारलं. पांढरे कपडे पाहून प्रेतावरचं कापड आठवतं, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरं आली. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांचा झाला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. त्याला नाव मिळालं दंतेश्वरी मातेचं.

सरकारनंही काही पावलं टाकली आहेत. राज्याच्या आदिवासी भागात २०१०-११ पासून ‘माहेरघर’ योजना आली. दिवस भरत आले की बाईनं आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, सोबत लहान मूल आणि एक नातेवाईकही. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण राहू द्यायला मान्यता दिली. पण हंगामात आपल्या गावापासून लांब असलेल्या बाईला गावाकडच्या माहेरघराचा काय उपयोग?

माझं मागणं मोठं नाही. द्राक्षाच्या हंगामात बागायती भागातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात तिची बोली जाणणारी एक बाई मानधनावर असावी. पेठ-सुरगाण्यात अशा आशाताई आहेत. निदान फोनवर तरी त्यांना गाठता यावं. मदत फुकट मागू नये. ऐकलेलं बाहेर न बोलण्याचं आणि स्वतःच्या पदरचं न घालता जसंच्या तसं सांगण्याचं शिक्षण त्यांना द्यावं.

तोवर बागायतदारांच्या घरातल्या बायकांनी एवढं करावं: बागेवर कुणाला दिवस गेलेत का, कितवा महिना आहे, तपासणीचं कार्ड सोबत आणलंय का, हे टोळी आली की पहिल्याच आठवड्यात विचारावं. आणि तपासणीच्या दिवशी तिची मजुरी कापू नये.