धाराशिवच्या खो-खोचा हिशोब: खेळाडू विश्वविजेती होते, तिला घडवणाऱ्या मंडळाला काय मिळतं?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या विजेत्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्याआधी २०२० मध्ये याच जिल्ह्यातल्या सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. खो-खोच्या खेळाडूला तो मिळण्याची ती २२ वर्षांतली पहिलीच वेळ होती.

धाराशिव हा दुष्काळी पट्ट्यातला जिल्हा. निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत, त्यांतला हा एक. इथं मोठे प्रायोजक नाहीत की तिकीट लावून भरणारी स्टेडियम नाहीत. तरीही इथल्या मुली देशाच्या संघापर्यंत पोहोचतात. मग या खेळाचा खर्च कोण उचलतं? खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात कशा जातात? आणि त्या गेल्यावर मागे राहिलेल्या मंडळाच्या हाती काय पडतं?

फुटबॉल क्लबचं गणित काय असतं?

हे समजून घ्यायला आधी फुटबॉलकडे बघू. युरोपातला अगदी खालच्या लीगमधला क्लबही साधारण तीन वाटांनी पैसे उभे करतो. सामन्याची तिकिटं, स्थानिक प्रायोजक आणि तयार केलेला खेळाडू मोठ्या क्लबला विकून मिळणारी रक्कम. महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण कोल्हापूरचं. तिथं पेठांमधल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंची नोंदणी होते, बाहेरचे आणि परदेशी खेळाडूही आणले जातात आणि शाहू स्टेडियमवर लोक तिकीट काढून सामना बघतात.

यातली तिसरी वाट महत्त्वाची आहे. खेळाडू विकला गेला तर ज्या छोट्या क्लबने त्याला घडवलं त्याचाही वाटा असावा, असा फिफाचा नियम आहे. खेळाडू करार चालू असताना एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. म्हणजे व्यवहार एक कोटीचा असेल तर पाच लाख रुपये मागे, मूळ मैदानांकडे येतात.

खो-खोत या तीनपैकी एकही वाट नीट उघडलेली नाही.

खेळ स्वस्त, पण वर चढणं महाग

खो-खोला सुरुवात करायला फारसं काही लागत नाही. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मोकळी जागा, दोन खांब आणि आखणीसाठी फक्की. चेंडू नाही, बॅट नाही. पाटीवर बसणारे आठ आणि पाठलाग करणारा एक, असे नऊ जण एका वेळी खेळतात. समोरून तीन-तीनच्या तुकडीने संरक्षक उतरतात. त्यामुळे शाळेच्या एका मैदानावर तासाभरात पंचवीस-तीस मुलींचा सराव होऊ शकतो. ज्या जिल्ह्यात पैसा कमी आहे, तिथं हा खेळ रुजण्याचं हे मोठं कारण आहे.

खर्च सुरू होतो तो मैदानाबाहेर. समजा, एका संघात १५ खेळाडू आहेत आणि सोबत प्रशिक्षक व व्यवस्थापक. एकूण १७ जण. चार दिवसांच्या स्पर्धेला माणशी रोज ३०० रुपये वरखर्च धरला तरी २०,४०० रुपये होतात. त्यात प्रवास, गणवेश आणि बूट धरलेले नाहीत. बऱ्याच स्पर्धांत राहण्या-जेवणाची सोय यजमान करतात, पण प्रवास आणि आधीचं सराव शिबिर ज्याचं त्याने बघायचं. शिवाय मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीवर सूर मारायला शिकलेल्या मुलीला मॅटची सवय व्हायला मॅटवरच सराव हवा आणि मॅट घेणं गावातल्या मंडळाच्या आवाक्यात नसतं.

सगळ्यांत कमी बोलला जाणारा खर्च आहाराचा. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिका काळे यांनी सांगितलं होतं की जवळपास दहा वर्षं त्यांनी दिवसाला एका जेवणावर काढली आणि चांगलं खायला मिळायचं ते शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावरच. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या सांगण्यानुसार, २०१६ मध्ये घरच्या ओढगस्तीला कंटाळून काळे यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. समजूत घातल्यावर त्या परतल्या. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकलं.

त्यांची ही हकिकत हिशोबाच्या भाषेत मांडली तर असं दिसतं की, खालच्या पातळीवर खेळाडूला मिळणारा पहिला मोबदला म्हणजे शिबिरातलं पोटभर जेवण.

खेळाडू 'साइन' कशी होते?

खो-खोत खेळाडूची नोंदणी मंडळ, शाळा किंवा क्लबमार्फत जिल्हा संघटनेकडे होते. चौदा वर्षांखालील किशोर-किशोरी, अठरा वर्षांखालील कुमार-मुली आणि खुला पुरुष-महिला असे गट असतात. जिल्ह्याची निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद, मग राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा, अशी पायरी-पायरीने वाट आहे. दुसऱ्या जिल्ह्याकडून खेळायचं तर ना-हरकत पत्र लागतं. या सगळ्यात मंडळ आणि खेळाडू यांच्यात पैशाचा करार नसतो. त्यामुळे खेळाडू 'विकली' जाण्याचा प्रश्नच येत नाही.

पण खेळाडूंना मागणी नसते असं नाही. ही मागणी नोकरीच्या रूपात येते. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या बरोबरीने भारतीय रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरण यांचेही संघ उतरतात. चांगली खेळाडू हेरली जाते, खेळाडूंच्या कोट्यातून तिला नोकरी किंवा करार मिळतो आणि पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती महाराष्ट्राऐवजी आपल्या संस्थेच्या गणवेशात दिसते. फुटबॉलच्या भाषेत हीच बदली. फरक इतकाच की बदलीची रक्कम नसते. असतो तो महिन्याचा पगार आणि तो थेट खेळाडूच्या घरी जातो.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पद कोणत्या गटातलं आहे, त्यावर कोणत्या स्तरावरची कामगिरी चालेल हे ठरतं आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय कामगिरी करणाऱ्यांना थेट नियुक्तीही मिळू शकते. सारिका काळे यांची तुळजापूर तालुक्याच्या क्रीडा अधिकारी म्हणून नेमणूक झाली.

म्हणूनच धाराशिवमधले आईवडील मुलीला मैदानावर पाठवताना ट्रॉफीइतकाच त्या प्रमाणपत्राचा विचार करतात. अठराव्या वर्षी लग्नाचं स्थळ बघायचं की आणखी दोन वर्षं खेळू द्यायचं, हा निर्णय अनेक घरांत या कागदाच्या किमतीवर ठरतो.

लीग आली, पण कोणासाठी?

२०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग सुरू झाली. पहिला हंगाम पुण्यात बालेवाडीला झाला. सहा संघ होते आणि अदानी, जीएमआर, कॅप्री ग्लोबल अशा कंपन्या मालक होत्या. खेळाडूंची निवड बोली लावून झाली नाही. त्यांचे चार गट पाडून रक्कम आधीच ठरवण्यात आली. अ गटाला पाच लाख, ब गटाला तीन लाख, क गटाला दीड लाख आणि ड गटाला एक लाख रुपये. विजेत्या संघासाठी एक कोटीचं बक्षीस होतं. ते ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला अवघ्या एका गुणाने, ४६-४५ असं हरवून जिंकलं.

तुलनेसाठी, प्रो कबड्डीत २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतलं होतं. तरी खो-खोपटूसाठी तीन आठवड्यांचे पाच लाख ही मोठीच गोष्ट होती.

मात्र लीगच्या पहिल्या दोन्ही हंगामांत संघ फक्त पुरुषांचे होते. धाराशिवची ओळख आहे महिला खो-खोमुळे. म्हणजे बाजार उभा राहिला, पण जिथं हा जिल्हा सर्वांत बलवान आहे, त्या बाजूला तो उघडलाच नाही.

प्रेक्षक येतात, तिकीट नसतं

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुरुष आणि महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा धाराशिवमध्येच, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये भरली होती. अशा स्पर्धा संध्याकाळी, प्रकाशझोतात होतात आणि तात्पुरत्या गॅलऱ्या उभारल्या जातात. ग्रामीण महाराष्ट्रात खो-खो आणि कबड्डीला गर्दी होते, पण प्रवेश बहुधा मोफत असतो. खर्च भागतो तो सरकारी अनुदान, साखर कारखाने, बँका आणि पुढाऱ्यांच्या देणग्यांमधून. व्यासपीठावरच्या पाहुण्यांची यादी लांबलचक का असते, याचं उत्तर बऱ्याच अंशी या हिशोबात आहे.

याचा एक परिणाम असा होतो की गर्दी वाढली तरी मंडळाचं उत्पन्न वाढत नाही. यजमानपद मिळालं तर एका वर्षी मैदान झळाळतं, पुढच्या वर्षी सरावाला दिवे लावायलाही पैसे नसतात. टीव्हीचे प्रेक्षक हा वेगळा भाग. आयोजकांच्या आकड्यांनुसार अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम ६ कोटी ४० लाख लोकांपर्यंत पोहोचला. त्या प्रेक्षकांपोटी येणारा जाहिरातीचा पैसा लीग आणि वाहिनी यांच्याकडे राहतो, जिल्ह्यातल्या मंडळापर्यंत झिरपत नाही.

सर्वांत मोठी रक्कम सरकारची

विश्वचषकानंतर महाराष्ट्र सरकारने विजेत्या संघांतल्या राज्याच्या खेळाडूंना प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपये जाहीर केले. लीगमधल्या अ गटाच्या मानधनाच्या हे ४५ पट आहे. कर्नाटकने आपल्या दोन खेळाडूंना पाच-पाच लाख देऊ केले, तेव्हा त्यांनी महाराष्ट्राकडे बोट दाखवून ती रक्कम नाकारली होती.

म्हणजे आजच्या खो-खोत सर्वांत मोठा पैसा सरकारच्या बक्षिसातून येतो आणि तो शिखरावर पोहोचल्यावरच मिळतो. खेळाडूला तो मिळायलाच हवा. एका जेवणावर काढलेल्या वर्षांची भरपाई त्यात कुठेतरी असते. पण तिच्यासोबत चाचणीला उभ्या राहिलेल्या आणि थोडक्यात मागे पडलेल्या मुलीसाठी त्यात काही नसतं. आणि दोघींना 'खो' द्यायला शिकवणाऱ्या मंडळासाठीही नसतं.

मंडळापर्यंत वाटा पोहोचू शकतो का?

फुटबॉलचा पाच टक्क्यांचा नियम खो-खोला जसाच्या तसा लागू होणार नाही, कारण इथं विक्रीच होत नाही. पण त्यामागचा विचार वापरता येतो. लीगने खेळाडूला पाच लाख दिले, तर फ्रँचायझीने त्यावर आणखी पाच टक्के, म्हणजे २५ हजार रुपये, तिच्या मूळ मंडळाला द्यावेत. सरकारने सव्वादोन कोटी जाहीर केले, तर त्याच प्रमाणात ११ लाख २५ हजार रुपये वेगळे काढून जिल्ह्यातल्या मॅट आणि आहारासाठी ठेवावेत. खेळाडूच्या रकमेला हात न लावता हे होऊ शकतं.

यासाठी एक नोंद मात्र काटेकोर हवी. कोणती मुलगी, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या मंडळात शिकली. जिल्हा संघटनेकडे नोंदणी आजही होते, त्यामुळे पाया तयार आहे. महिलांची व्यावसायिक लीग सुरू होईल तेव्हा मानधन किती, हे बातम्यांत येईलच. धाराशिवच्या मंडळांनी करारात आणखी एक ओळ शोधायला हवी, ती म्हणजे खेळाडूच्या मूळ मंडळाच्या नावाची.