अमेरिकेत घडलेले इटालियन गाणे

अमेरिकेतल्या एखाद्या इटालियन सांस्कृतिक केंद्रात वारसा-संध्या असली की कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. मँडोलिन, अकॉर्डियन, 'ओ सोले मिओ' आणि शेवटी सगळ्यांनी मिळून तारांतेल्ला नाच. प्रेक्षकांना वाटते, आपल्या पणजोबांनी बोटीतून आणलेले संगीत ते हेच. स्थलांतरितांच्या गाण्यांचा माग काढताना मला मात्र वेगळेच दिसले. बोटीतून जे आले त्यातले फार थोडे या रंगमंचावर पोहोचले. आणि जे पोहोचले, ते साऱ्या इटालियनांचे झाले ते अमेरिकेत.

1880 ते 1920 या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. बहुतेक दक्षिणेकडचे, कांपानिया, कालाब्रिया, सिसिलीतले शेतमजूर आणि लहान शेतकरी. इटली हे राष्ट्र 1861 साली जन्मले. त्या वेळी प्रमाण इटालियन बोलणारे जेमतेम अडीच टक्के होते, असा तुल्लिओ दे मावरो या भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज आहे. बाकीच्यांना आपापली बोली आणि आपापले गाव. या वृत्तीला इटालियनमध्ये 'कांपानिलिस्मो' म्हणतात. कांपानिले म्हणजे चर्चचा घंटामनोरा. आपल्या मनोऱ्याची घंटा जिथवर ऐकू येते, तेवढाच आपला मुलूख.

संगीतही असेच मुलखामुलखाचे. नाताळात डोंगरातून उतरणाऱ्या मेंढपाळांचे झांपोन्या हे कातडी पिशवीचे वाद्य, कांपानियातली डफासारखी ताम्मोरा, सिसिलीतल्या गाडीवानांचे लांब सुरांचे गाणे. एकाचे गाणे दुसऱ्याला कळेलच असे नव्हते.

न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला लोक गावांप्रमाणेच राहिले. एका गावच्या माणसांची एक मंडळी. दरमहा वर्गणी, आजारपणात मदत, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च, आणि वर्षातून एकदा ग्रामसंताची मिरवणूक, पुढे पितळी वाद्यांचा बँड. आजच्या अनेक सांस्कृतिक केंद्रांची मुळे या मंडळ्यांत सापडतात.

मग सर्वांचे असे गाणे आले कुठून? नापोलीहून. दक्षिणेतले असंख्य लोक याच बंदरातून बोटीत चढत. तिथे दर सप्टेंबरात पिएदिग्रोत्ताच्या जत्रेत नवी गाणी येत, छापली जात, विकली जात. त्यात ग्रामोफोनची भर पडली. नापोलीचाच एन्रिको कारूझो 1903 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाऊ लागला, आणि त्याच्या तबकड्या घरोघर गेल्या. 'ओ सोले मिओ'देखील प्रमाण इटालियनमध्ये नाही, नापोलीच्या बोलीत आहे. शेजारच्या कालाब्रियन माणसाचे शेतावरचे गाणे सिसिलीच्या माणसाला परके. कारूझो मात्र दोघांचाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'कोरे न्ग्रातो'. 1911 सालचे हे प्रसिद्ध नापोलितन गाणे अमेरिकेत लिहिले गेले. संगीतकार साल्वातोरे कार्दिल्लो नापोलीहून आलेला. शब्द रचणारा रिकार्दो कोर्दिफेर्रो मात्र कालाब्रियाचा. कालाब्रियाच्या माणसाने न्यूयॉर्कला येऊन नापोलीच्या बोलीत गाणे लिहावे, यातच सारे आले. गाव सोडल्यावर माणसे 'इटालियन' झाली, आणि त्यांना त्या नावाचे एक गाणे हवे होते.

पुढे महायुद्ध आले. डिसेंबर 1941नंतर अमेरिकेचे नागरिकत्व नसलेले सुमारे सहा लाख इटालियन 'शत्रुदेशीय परके' ठरले. ऑक्टोबर 1942पर्यंत ते बंधन होते. शत्रूची भाषा बोलू नका, अशी भित्तिपत्रके लागली. बोलीला आधीच गावंढळपणाचा शिक्का होता, त्यात भीतीची भर पडली. बोली मुलांपर्यंत न पोहोचल्याने तिच्यातली गाणीही थांबली. उलट 1954 साली गाजलेले 'माम्बो इतालिआनो' हे बॉब मेरिल या इटालियन नसलेल्या गीतकाराचे.

तरीही जुने गाणे मेले नव्हते. अ‍ॅना लोमॅक्स यांनी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या स्थलांतरितांकडून गोळा केलेली गाणी 1979मध्ये फोकवेज कंपनीच्या तबकड्यांवर आली. शहराच्या ऐन गजबजाटात गावाकडची गाणी गाणारी माणसे होती. सभागृहाच्या कार्यक्रमात त्यांना जागा नव्हती, एवढेच.

एक परंपरा मात्र 1903 पासून रस्त्यावर टिकून आहे. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात नोला गावच्या लोकांनी सुरू केलेला जिल्योचा उत्सव. कित्येक मजली उंच मनोरा शंभरावर माणसे खांद्यावर उचलतात, आणि बँड त्याच मनोऱ्याच्या चौथऱ्यावर उभा राहून वाजवतो. वाद्ये वाजल्याशिवाय पावले एकत्र पडत नाहीत. मला यात उत्तर दिसते. ज्या संगीताकडे काम असते ते टिकते. ज्याच्याकडे फक्त आठवण असते, त्याला लोकप्रिय चाल बाजूला सारते.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संघटना 1981ची. तिथेही नाट्यगीते आणि भावगीते सर्वांची होतात, ते स्वाभाविकच. पण झाडीपट्टीची दंडार, कोकणातले जाखडी आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या कोणाच्या घरात अजून आहेत, हे विचारायची वेळ आत्ता आहे. इटालियनांच्या बाबतीत विचारणारे आले तेव्हा गाणारे म्हातारे झाले होते.