तो रॉक अँड रोलच होता

ॲलन व्हेगाला जाऊन दहा वर्षं झाली. त्या निमित्ताने तो ज्यात गायचा त्या ‘स्युसाइड’ या जोडीच्या १९७७ च्या पहिल्या अल्बमवर पुन्हा लिहून आलं, आणि बहुतेकांनी त्याला इलेक्ट्रॉनिक संगीताचा पूर्वज ठरवून हार घातला. हे वाचून मला राग येतो; तो अल्बम रॉक अँड रोलचा आहे.

सत्तरच्या दशकात मी न्यूयॉर्कमध्ये होतो. १९७५ मध्ये महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, हजारो कर्मचारी घरी बसले. त्या शहरात व्हेगा आणि त्याचा जोडीदार मार्टिन रेव्ह १९७० पासून वाजवत होते. गिटार नाही, ड्रमर नाही. रेव्हच्या कीबोर्डवर दोन-चार स्वरांचा तुकडा फिरत राही, तालयंत्र ठोके देत राही आणि त्यावर व्हेगा एल्व्हिस प्रेस्लीसारखा श्वास अडकवत, उचक्या देत गाई. ही नक्कल नव्हती. व्हेगा ब्रुकलिनचा, १९३८ चा जन्म. प्रेस्ली गाजला तेव्हा तो ऐन तारुण्यात होता. अल्बममधल्या ‘जॉनी’त सरळ रॉकबिली आहे, ‘चेरी’त नाक्यावरच्या पोरांच्या डू-वॉपचा गोडवा. आणि ‘फ्रँकी टिअरड्रॉप’मधला कारखान्यातला विशीचा कामगार, ज्याला बायको-मूल पोसवत नाही, तो मला त्या शहरात रोज दिसत होता. दहा मिनिटांहून मोठं ते गाणं शेवटपर्यंत ऐकवत नाही, आणि ते तसंच असायला हवं.

त्यांच्यावर बाटल्या फेकल्या त्या पंकवाल्यांनीच. १९७८ मध्ये युरोपात ‘द क्लॅश’ आणि एल्व्हिस कॉस्टेलो यांच्याआधी ते वाजवत. ब्रुसेल्सला प्रेक्षकांनी व्हेगाचा माइक हिसकावला, कार्यक्रम तेवीस मिनिटांत आटोपला. बंडाची भाषा करणाऱ्यांना गिटार नसलेलं बंड सोसलं नाही. हे मी विसरलेलो नाही.

पुढच्या दशकात कीबोर्डवाल्या जोड्या उदंड झाल्या, गुळगुळीत आणि फायदेशीर. त्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही. पण स्युसाइडचं देणं मोकळेपणाने मान्य केलं ते ब्रूस स्प्रिंगस्टीनने. त्याच्या ‘नेब्रास्का’ अल्बममधल्या ‘स्टेट ट्रूपर’मध्ये व्हेगाची किंकाळी स्पष्ट ऐकू येते.

आज यंत्रं गाणाऱ्याचा कच्चेपणा झाकायला वापरतात. रेव्हचं यंत्र व्हेगाला उघडं पाडत होतं, आणि व्हेगाला तेच हवं होतं. हा अल्बम इलेक्ट्रॉनिकच्या कप्प्यातून काढा, १९५६ च्या प्रेस्लीशेजारी ठेवा आणि सुरुवात ‘चेरी’पासून करा.